‘इथं गाव कुठं आहे, गुरुजी?’

पत्र पहिलं

आदरणीय गुरुजी, जय गुरु.

मी दिग्रस तालुक्यातला, वय २६. बी.ए. झाल्यावर तीन वर्षं आमच्या भागातल्या पंधरा-वीस खेड्यांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाचा प्रचारक म्हणून फिरलो. पहाटे ध्यान, मग ग्रामसफाई, सांजच्याला सामुदायिक प्रार्थना, रात्री भजन. कोणत्याही गावात गेलो तरी कोणाच्या ना कोणाच्या घरी ताट वाढलेलं असायचं. यंदा अक्षय तृतीया झाली अन् वरिष्ठ म्हणाले, ‘आपल्या गावांतली पोरं पुण्याकडं गेली, तू त्यांच्यात जा.’ मी आनंदानं हो म्हटलं.

आता भोसरीत चुलतभावाच्या खोलीवर आहे. दहा बाय बाराची खोली, आम्ही पाच जण. बाकीचे पाळ्यांवर जातात, त्यामुळं गादी कधी थंड होत नाही; एक उठला की दुसरा पडतो. संध्याकाळी साडेसहाला मी प्रार्थनेचं आसन, म्हणजे अधिष्ठान, मांडतो तेव्हा कोणी झोपलेला असतो, कोणी डबा भरत असतो. पहिला महिना एकट्यानंच प्रार्थना म्हटली. दुसऱ्या महिन्यात शेजारच्या खोलीतला म्हणाला, ‘भाऊ, जरा हळू म्हण, माझी नाईट आहे.’ तेव्हापासून मनातल्या मनात म्हणतो.

सफाईसाठी खराटा घेऊन सकाळी रस्त्यावर उतरलो. मुकादमानं टोपीकडं पाहून विचारलं, ‘तुम्ही कोणत्या पार्टीचे?’ त्या दिवसापासून टोपी खिशात असते. हे लिहिताना लाज वाटते. दुकानात ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हटलं की पोरं हसतात. आपल्याकडच्या मुलांना भेटतो, ते चहा पाजतात, ‘रविवारी नक्की येतो’ म्हणतात. रविवारी कपडे धुतात अन् झोपतात. असे सतरा रविवार गेले.

महाराजांची ग्रामगीता हाती घेतो अन् वाटतं, इथं गाव कुठं आहे, गुरुजी? घरी आई एकटी आहे. दोन एकर वावर. सोयाबीन काढणीला येईल, दसऱ्यानंतर कापूस. फोनवर म्हणते, ‘माह्यी काळजी नको करू,’ अन् तिच्या आवाजावरून सारं समजतं.

परत जाऊ काय?

ता.क. खंजिरी इथल्या पावसात पार उतरली. गोणपाटावर थाप मारल्यासारखा आवाज येतो. काय करावं?

— एक प्रचारक, सध्या भोसरी

उत्तर

बाबू, जय गुरु.

तुझं पत्र आलं त्या दिवशी आमच्याकडं मोर्शी तालुक्यात झडी लागली होती. संत्र्याच्या बागेत पाणी साचलं होतं, तिकडं जायचं सोडून मी ओसरीत बसून तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘टोपी खिशात असते’ या ओळीशी दोन्ही वेळा थांबलो. तू ते लपवलं नाहीस. म्हणून मीही तुझ्यापासून काही लपवणार नाही.

१९८१ च्या पावसाळ्यात मला मुंबईला पाठवलं होतं. तेव्हा मी २४ वर्षांचा होतो. आमच्या तालुक्यातला एक गृहस्थ परळच्या गिरणीत होता, त्याच्या चाळीतल्या खोलीत मला पथारीपुरती जागा मिळाली. मीही तुझ्यासारखाच साडेसहाचा नेम घेऊन गेलो. गॅलरीत सतरंजी अंथरायची, त्यावर आसन, पांढरा तक्क्या, उदबत्ती. गावात एवढं मांडलं की माणसं आपोआप हात-पाय धुऊन येऊन बसत. तिथं कोणी आलं नाही. गिरणीची पहिली पाळी साडेतीनला सुटायची, दुसरी मध्यरात्री. साडेसहाला चाळीतला अर्धा पुरुषवर्ग सांच्यावर, म्हणजे गिरणीच्या मागावर, असायचा अन् बायांची नळावर गर्दी, कारण त्या मजल्यावर पाणी त्याच वेळी यायचं.

मी जिथं अधिष्ठान मांडलं ती नळाची वाट होती. भरलेले हंडे घेऊन बाया भिंतीला अंग घासत, पदर सावरत माझ्या बाजूनं जायच्या. देवाचं काही मांडलंय म्हणून आठ-दहा दिवस कोणी बोललं नाही. मग एका म्हाताऱ्या बाईचा पाय ओल्या फरशीवर घसरला अन् हंडा सांडला. ती उठली आणि पहिल्यांदा माझी सतरंजी झटकून कोरडी केली. स्वतःचं लुगडं भिजलं होतं त्याच्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. ते आठवलं की आजही मला वाईट वाटतं. इतके दिवस मी तिथं बसत होतो आणि पाणी कधी येतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

ही पहिली गोष्ट. दुसरी याहून जड आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंतांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार होते त्यात. पहिले दोन महिने उत्साह होता, मग एकेका घरातलं काहीबाही विकायला जाऊ लागलं. आमच्या मजल्यावर एक कामगार दारू पिऊ लागला होता. व्यसनमुक्ती हे आपलं काम, म्हणून मी एका संध्याकाळी त्याच्या खोलीत गेलो. तो नव्हता. बायको होती, दोन लेकरं होती. मी तिच्यापुढं बसून दारूनं संसाराचं कसं वाटोळं होतं ते सांगायला लागलो. ती ऐकत होती अन् ऐकता ऐकता पिठाच्या डब्यात हात घालून तळ खरवडत होती. पत्र्यावर नखं घासल्याचा आवाज येत होता. खरवडून निघालेलं पीठ तिनं ताटात घेतलं, ते एका भाकरीचंही नव्हतं. मग मान वर न करता म्हणाली, ‘दादा, तुमचं खरं आहे. पण आधी पीठ आणता का?’

मी उठलो. खिशात आठ रुपये होते, पीठ आणून दिलं. रात्री झोप लागली नाही. त्या बाईला दारूचं मी काय सांगणार होतो? ती ते रोज भोगत होती. दुसऱ्या दिवसापासून मी बोलणं बंद केलं. ज्या खाणावळीत भांडी घासून दोन वेळचं जेवत होतो, तिथल्या मावशींना विचारलं की उरलेली भाकरी-भाजी मला देता का. त्या देऊ लागल्या. रात्री अकराला मी दोन डबे घेऊन मजल्यावर फिरायचो. असं तीन-चार महिने केलं. भजन नाही, प्रवचन नाही. एका रात्री तोच कामगार जिन्यात भेटला, शुद्धीवर होता. म्हणाला, ‘तुमच्याकडं ती खंजिरी आहे ना? वाजवा की कधी.’ त्या रात्री साडेबाराला, दुसऱ्या पाळीच्या जुन्या वेळेला, गॅलरीत अकरा माणसं बसली. दुसरी पाळी तेव्हा बंदच होती. पण जागायची सवय मोडली नव्हती. परळमधली माझी पहिली सामुदायिक प्रार्थना ती.

बाबू, तू गावाची वेळ तिकडं घेऊन गेलास, तशीच मीही नेली होती. साडेसहा ही वेळ वावरातून परतणाऱ्या माणसाची आहे. दिवस मावळतो, बैल गोठ्यात येतात, माणूस हात-पाय धुतो आणि तेव्हा प्रार्थनेची घंटा होते. भोसरीत दिवस मावळला काय अन् उगवला काय, पत्र्याच्या शेडमध्ये ट्यूबलाइट सारखीच. तुझ्या खोलीतल्या चौघांच्या पाळ्या एका कागदावर लिही. आठवड्यात असा एखादा अर्धा तास सापडेल की चौघंही जागे आणि खोलीत आहेत. बहुतेक पाळी बदलते त्या दिवशी. तो अर्धा तास तुझा साडेसहा. बाकी दिवस मनातल्या मनात म्हणतोस, तेही चालू ठेव, त्यात काही कमीपणा नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला कायद्यानं बंदी आहेच, पण खोल्यांची भिंतीला भिंत लागलेली असते, तिथं बिनस्पीकरची खंजिरीही नको. नाईट करून आलेल्या पोराची झोप ही त्याची भाकर आहे. ती मोडून म्हटलेली प्रार्थना महाराजांना आवडली नसती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आता ‘इथं गाव कुठं आहे’ याबद्दल. मी मुंबईला हाच प्रश्न विचारत फिरलो, म्हणून माझं म्हणणं मांडतो. ग्रामगीतेचे ४१ अध्याय. त्यात ग्रामशुद्धी आहे, ग्रामआरोग्य आहे, श्रमसंपत्ती आहे. तू राहतोस त्या इमारतीत किती खोल्या आहेत? कॉट बेसिसवर किती पोरं आहेत? पंचवीस खोल्या धरल्या तरी शंभराच्या वर माणसं झाली. मेळघाटात यापेक्षा लहान पाडे मी पाहिलेत. तुझ्या या गावाला पाण्याची एक टाकी आहे, एक-दोन संडास आहेत, एक मेस आहे, आजारी पडणारी माणसं आहेत. फक्त पोलीस पाटील नाही आणि पार नाही. एक वही कर. कोण कोणत्या खोलीत, कुठल्या गावचा, घरी फोन कोणाला करायचा, रक्तगट काय, ठेकेदार कोण. गावात आपण हे कधी लिहून ठेवलं नाही, कारण ते साऱ्यांना तोंडपाठ असतं. तिथं कोणालाच माहीत नसतं, म्हणून वही लागते.

या वहीचा उपयोग सांगतो. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग होतात, तिथं प्रेस मशीनवर काम करणाऱ्या पोरांची बोटं जातात. आमच्या गावचा एक पोरगा असाच दोन बोटं गमावून आला. त्याला दवाखान्यात कोणी नेलं, कागद कोणी भरले, कार्ड कुठं होतं, यातलं काही त्याला सांगता आलं नाही. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) पगारातून कापला जातो, तो ठेकेदाराकडचा असला तरी. विमा कापला जात असेल तर उपचार मिळतो, कामावर जाता येत नाही त्या दिवसांचे पैसे मिळतात, अंगाला कायमची इजा झाली तर त्याचंही मिळतं. पण पोरांच्या पगाराच्या चिठ्ठीवर ती रक्कम आहे की नाही, हे कोणी पाहत नाही. तू पाहा. एकेकाची चिठ्ठी मागून पाहा, विमा क्रमांक वहीत लिही. चिंचवडला कामगार विम्याचं रुग्णालय आहे, तिथं एक दिवस नुसता जाऊन ये. खिडकी कोणती, कागद कोणते, वेळ काय. उद्या रात्री दोनला एखाद्याला घेऊन जायची पाळी आली तर तुझे पाय अंधारात चाचपडायला नकोत. तुला वाटेल, हे प्रचारकाचं काम आहे काय? मला ते पीठ आणण्याचं काम वाटतं.

सफाईचं सांगतो. रस्ता झाडणं सोड. ते महापालिकेच्या सफाई कामगारांचं काम आहे, त्यांची पोटं त्यावर आहेत, मुकादम विचारणारच. पण तुमच्या मजल्यावरचा संडास कोण धुतो? मी पैजेवर सांगतो, कोणी धुत नाही. शंभर पोरं वापरतात आणि प्रत्येकाला वाटतं आपण इथं सहा महिनेच आहोत. नाईटवाले गेले की रात्री अकराला तो धुऊन काढ. ब्रश, ॲसिड, फिनेल. ॲसिडनं हात भाजतात, रबरी हातमोजे घे अन् दार उघडं ठेव, धूर नाकात जातो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर चुकूनही एकत्र करू नकोस, त्यातून विषारी वायू निघतो. कोणाला सांगू नकोस, फोटो काढू नकोस. चाळीत मी हे सुरू केलं तेव्हा तेराव्या दिवशी एक पोरगा बादली घेऊन दारात उभा होता. तुझ्याकडं तेरा दिवस लागतील की तीस, ते मी सांगू शकत नाही.

आपल्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा मुंबईला किती वेळा गेले. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर गाडगं, आणि बोली शेंडगावची. बोली त्यांनी कोणासाठी बदलली नाही. ८ नोव्हेंबर १९५६ ला वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं, ते शेवटचं. समोर मुंबईचे पोलीस, अन् बाबा आपल्या वऱ्हाडीत त्यांना प्रश्न विचारतात, त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेतात. त्याचं ध्वनिमुद्रण आहे, ऐक. पुढच्या महिन्यात, २० डिसेंबरला, बाबा गेले. तुझ्या ‘काहून’ला दुकानातली पोरं हसली तर हसू दे. एखाद्या वेळी तूही त्यांच्याबरोबर हस आणि त्यांना अजून चार शब्द शिकव. पण खोलीतल्या पोरांशी मुद्दाम वऱ्हाडीतच बोल. दिवसभर सुपरवायझरपुढं जपून बोलून त्यांची जीभ आखडलेली असते. ‘काय रे, जेवला काय?’ एवढं कोणी विचारलं तरी त्यांना घरी आल्यासारखं वाटतं. तुला तिथं कोणी विचारत नाही याचं दुःख तू लिहिलं नाहीस, पण ‘ताट वाढलेलं असायचं’ या शब्दांत ते मला दिसलं.

टोपीबद्दल मी काही आग्रह करणार नाही. तूर्त खिशात असू दे. प्रार्थनेला बसशील तेव्हा घाल. खोलीतल्यांना एकदा कळलं की ही पार्टीची टोपी नाही, आपल्या खोलीवाल्याची टोपी आहे, मग ती रस्त्यावरही डोक्यावर राहील. तुझा हात आपोआप खिशात जाईल एक दिवस.

पोटाचं काय करतोस, ते लिहिलं नाहीस. चुलतभावाच्या पगारावर जेवत असशील तर आजच थांबव. अर्धा दिवस काहीतरी काम धर. मेसमध्ये, डबे पोचवण्यात, गोदामात, कुठंही. कमावत्या पोरांमध्ये बिनकमाईचा माणूस उपदेश करू लागला की ऐकणारा मनात हिशेब करतो, अन् त्याचा दोष नसतो. मी खाणावळीत भांडी घासली म्हणूनच मला ते डबे मिळाले. आणि महिन्याला पाचशे का होईना, आईला पाठवता येतील.

भोसरीहून आळंदी जवळ आहे, देहूही लांब नाही. तिकडची माणसं वारकरी, गावठाणात भजनी मंडळं असतीलच. तिथं जा, मागं बस, टाळ माग. आपण कोण, कुठले, कशासाठी आलो, हे विचारल्याशिवाय सांगू नकोस. आमच्या चाळीत कोकणातल्या लोकांचं भजन व्हायचं, डबलबारीवाले, म्हणजे भजनाची जुगलबंदी करणारे, बुवा होते एक. मी दोन महिने त्यांच्यामागं टाळ वाजवला. त्यांच्या चाली आपल्याहून वेगळ्या, मला धरता यायच्या नाहीत, बुवा तालात चुकलो की डोळे वटारायचे. मी शिकायला बसलो होतो म्हणून त्यांनी मला आपलं मानलं. संपात त्यांनीच मला तांदूळ दिला, तोही मी मागितला नव्हता. शिकवायला गेलो असतो तर चाळीनं मला पाहुणा म्हणूनच ठेवलं असतं.

आई. याबद्दल मी कडक बोलणार आहे. सोयाबीन काढायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा घरी ये. दिग्रसकडं रात्रभराची ट्रॅव्हल्स आहे, सुट्टी मागायला तुला कोणता साहेब आहे? वरिष्ठांना फोन करून सांग की आईचं वावर आहे. आईच्या वावरात सोयाबीन फुटून शेंगा झडत असताना भोसरीत चादरीवर बसून एकट्यानं प्रार्थना म्हणण्यात सेवा नाही. कापसाच्या वेचणीला बाया मिळत नाहीत, किलोमागं भाव वाढवून मागतात, हे तुलाही माहीत आहे. शेजारच्या बायांशी आतापासून बोलून ठेव. आणि एक कर. तुमच्या गावात प्रार्थना होतच असेल. आईला सांग, साडेसहाला प्रार्थनेला बसली की तुला फोन लावून शेजारी ठेवू दे. तू जिथं असशील तिथं कानाला लाव. गावची प्रार्थना अशी तुझी सुटणार नाही अन् आईलाही रोज तुझ्या शेजारी बसल्यासारखं होईल.

परत जाऊ काय, असं विचारलंस. बाबू, मी स्वतः तीन वर्षांनी परत आलो. वडील गेले, बागेला कोणी नव्हतं. मला कोणी बोल लावला नाही आणि मीही स्वतःला लावला नाही. परतणं हा गुन्हा नाही. पण मी परतलो तेव्हा चाळीतली माणसं मला दादर स्टेशनवर सोडायला आली होती, आणि ती पिठाची बाई तिच्या हातची भाकरी फडक्यात बांधून घेऊन आली होती. अशी एक भाकरी बांधून देणारं कोणी झाल्याशिवाय तू परतू नयेस असं मला मनापासून वाटतं. पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत राहा. वर्ष पुरं होऊ दे. सतरा रविवार मोजलेस ना, आता रविवार मोजू नकोस, वहीतली नावं मोज. तेव्हाही मन लागलं नाही तर मला लिही, तुझ्या वरिष्ठांशी मी स्वतः बोलेन.

खंजिरीचं. चामडं ओल धरतं, म्हणून ते सैल पडून आवाज उतरतो. गॅसवर तवा तापव, ज्योत बंद कर, आणि तव्यावर वीतभर उंच धरून खंजिरी हळूहळू फिरव. चामड्याखाली आपला तळवा धरून पाहा. तळव्याला चटका बसेल तर चामड्यालाही बसतो, लगेच वर घे. मध्ये मध्ये काठाजवळ बोटानं वाजवून पाहा. गोणपाटाचा आवाज जाऊन खणखणीत आवाज आला की थांब. एकदम शेकलीस तर काठाला चिकटवलेलं चामडं सुटतं किंवा मधोमध तडा जातो, माझ्या दोन खंजिऱ्या अशा गेल्या. वाजवून झाली की सुती फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेव. भिंतीला टांगू नकोस, पावसाळ्यात भिंतीच ओल्या असतात. जुने लोक सांगतील घोरपडीचं कातडं घे, ते उतरत नाही. घेऊ नकोस. १९७२ च्या कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, आणि एका जिवाची साल काढून भजन कशाला? बकरीच्या कातड्याची शेकून घेतलेली खंजिरी पुरेशी बोलते.

पत्र दुसरं

गुरुजी, जय गुरु. आमच्या गावात १९६२ पासून प्रार्थना मंदिर आहे. माझ्या सासऱ्यांनी विटा वाहिल्या होत्या. लहानपणी मी माहेरीही प्रार्थनेला जायची, तिथं चाळीस-पन्नास माणूस असायचा. आता आमच्याकडं सात जण येतो. सारे साठीच्या पुढचे, पाच बाया अन् दोन पुरुष. हार्मोनियमवाला गेला, पेटी कपाटात आहे. पोरं सारी पुण्या-मुंबईला. आम्ही गेल्यावर मंदिराला कुलूप लागणार काय?

— एक भगिनी, आर्णी तालुका

उत्तर

ताई, सात जण रोज येतात ही मोठी गोष्ट आहे. ज्या दिवशी पाऊस असतो, गुडघे दुखतात, त्या दिवशीही तुम्ही दिवा लावता, हे तुमच्या पत्रावरून दिसतंय. कुलूप लागेल की नाही हे मी सांगू शकत नाही, पण वरचं पत्र वाचा. तो पोरगा तुमच्या शेजारच्या तालुक्यातला आहे आणि तो भोसरीत तुमच्याच पोरांना शोधतो आहे. तुमच्या गावातली जी मुलं पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणकडं असतील, त्यांच्या आईवडिलांना विचारून त्यांची नावं, फोन नंबर आणि राहण्याचं ठिकाण कागदावर लिहून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. पाकिटावर ‘गुरुजींसाठी’ लिहा. नंबर छापले जाणार नाहीत, फक्त त्याच्या वहीत जातील. इतर गावांतल्या वाचकांनाही हीच विनंती आहे.

पेटी कपाटातून काढा. भाते कुरतडले गेले असतील, अमरावतीला दुरुस्त करून मिळते. वाजवणारा नसला तरी नुसता एक स्वर धरून ठेवायला कोणालाही जमतं, आठ दिवसांत हात बसतो. शाळेतल्या मुलींना बोलवा. त्यांना प्रार्थनेला या म्हणू नका, पेटी शिकवतो म्हणा.

आणि बाबू, तुला शेवटचं एक. अश्विन वद्य पंचमीला महाराजांची पुण्यतिथी, गुरुकुंज मोझरीला महोत्सव आहे, तू येशीलच. १९६८ साली ज्या वेळी महाराज गेले, त्या ४ वाजून ५८ मिनिटांनी तिथं लाखो माणसं एकदम स्तब्ध उभी राहतात. तुझ्या खोलीतल्या पोरांना सुट्टी मिळणार नाही. त्यांना वेळ तेवढी सांगून ये. पहिल्या पाळीचे तोवर सुटलेले असतील. कंपनीच्या बसमध्ये असले तर बसमध्ये, चहाच्या टपरीवर असले तर तिथं. मी महाद्वाराशी डाव्या हाताला, पुस्तकांच्या दुकानाजवळ दुपारी तीनला उभा असेन. पांढरं धोतर, काळी छत्री. वही घेऊन ये.